सुटली म्हणायचं राहिलं

दर गुरुवारी मी अकोल्याहून अमरावतीला येतो आणि एका बाकड्यावर पाऊण तास बसतो. आत माझी पोरगी एका मॅडमसमोर बसून बोलत असते. एवढाच इलाज. सुई नाही, सलाईन नाही, छातीला नळी लावून पाहणं नाही. दोन खुर्च्या, मधात पाण्याचा गिलास, आणि बोलणं. पहिल्याच दिवशी मी मॅडमना सरळ विचारलं, "बाई, बोलून दारू सुटते काय? आमी तर चार वर्षं बोलूनच राहिलो. शिव्या देऊन बोललो, पाया पडून बोललो. मंग तुमचं बोलणं काय वेगळं आहे?"

त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "काका, तुम्ही बोललात. ती कधी बोलली?"

पोरगी आमच्या घरात मुकी थोडीच होती? ओरडायची, दार आपटायची, मग दोन-दोन दिवस पांघरुणातून बाहेर यायची नाही. मॅडम त्याला बोलणं धरत नसाव्यात.

मी चौथी शिकलो. सारी उमर अकोल्याच्या एका दालमिलमध्ये मशीनवर गेली. त्या आवाजानं कान अर्धे गेले, म्हणून मी मोठ्यानं बोलतो आणि लोकांना वाटतं म्हातारा भांडून राहिला. बायको जाऊन चौदा महिने झाले. लेकरू एकच, ही पोरगी. चौतीस वर्षांची आहे, नवऱ्याचं घर सोडून आलेली. आता नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात शिलाईवर जाते आणि अमरावतीत खोली करून राहते. गुरुवारी तिला सुट्टी असते. त्या दिवशी मी सकाळची गाडी पकडून बडनेऱ्याला उतरतो, तिथून ऑटोनं तिच्या खोलीवर जातो आणि तिला घेऊन मॅडमकडे. मॅडमची जागा एका औषधाच्या दुकानावर, माडीवर आहे. समोरच्या भिंतीवर कोचिंग क्लासच्या पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. पाऊण तास मी त्या पोरांची तोंडं पाहत बसतो. सगळी हसून राहिली आहेत.

पोरीच्या इलाजाच्या कागदावर दोन आजार लिहिले आहेत. एक दारूचा. तो मला समजतो. मी स्वतः घ्यायचो. पोळ्याला, लग्नात, मिलमधल्या लोकांसोबत पगाराच्या दिवशी. मला कोणी कधी आजारी म्हटलं नाही. बायकोनं दोन दिवस जेवायला वाढलं नाही, एवढीच शिक्षा. पोरगी प्यायली तर मात्र अख्ख्या गल्लीनं पाहिलं. हा हिशोब काही बरोबर नाही, हे मला आज कळतं. तेव्हा मीच सगळ्यात पुढं होतो.

दुसरा आजार व्यक्तिमत्त्वाचा. व्यक्तिमत्त्वाचा विकार, असं लिहिलं आहे. हे मी तीनदा वाचलं. हात मोडला तर हात दाखवता येतो. व्यक्तिमत्त्व कुठं आहे ते कसं दाखवायचं? अन् तेच बिघडलं असेल तर मग बिघडायचं राहिलं काय? मॅडमनी मला समजावून सांगितलं. "काका, तुम्ही डाळीतले माणूस. सालीची तूर शिजायला वेळ लागतो आणि डाळ लगेच शिजते, खरं ना? तुमच्या मुलीचं मन बिनसालीचं आहे. आपल्याला लागतही नाही एवढ्या आचेनं ती शिजून जाते. मग ती आच विझवायला ती पिते."

मी म्हटलं, "बाई, साल असो नाही तर नसो, जास्त आच लागली की करपते दोन्ही."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आता माझ्या बोलण्यात लिहून घेण्यासारखं काय होतं?

या मॅडमपर्यंत यायला आम्हाला दीड वर्ष लागलं. आधी तिला दारू सोडवायच्या केंद्रात ठेवलं होतं. तिथल्या माणसानं महिनाभरानं सांगितलं की हिचा राग, हिचं रडणं आमच्याच्यानं आवरत नाही, आधी हिला डोक्याच्या डॉक्टरकडे न्या. डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं तर ते म्हणाले, आधी दारू बंद करा, मग माझ्याकडे आणा, पिणाऱ्या माणसावर माझा इलाज चालत नाही. हा तिकडं बोट दाखवतो, तो इकडं. मी विचारलं, "साहेब, पोरगी तर एकच आहे, मी तिचे दोन तुकडे करून आणू काय?" ते घड्याळाकडे पाहायला लागले. अमरावतीच्या मॅडमनी पहिल्यांदा सांगितलं की दोन्ही सोबतच पाहावं लागतं. म्हणून मी येतो. समजत काही नाही, पण येतो.

पण पोरगी तिथं कशासाठी बसते, त्यामागं मी केलेली एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

बायको आजारी होती. किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन आणायचं. त्या वर्षी तिनं तरीही महालक्ष्म्या बसवल्या. मी नाही म्हणत होतो. ती म्हणाली, "माह्या सासूनं बसवल्या, मी बसवीन, पुढचं पुढं." जेवणाच्या दिवशी सवाष्णी पाटावर बसलेल्या, आंबील वाढणं सुरू. पोरगी बाहेरून आली. उभंच राहवत नव्हतं तिला. आंबिलीचं पातेलं तिच्या पायानं लवंडलं आणि एका बाईच्या लुगड्यावर गेलं. पोरगी खाली बसून हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली.

बाया उठून गेल्या. माझ्या डोक्यात काय शिरलं माहीत नाही. मी तिचा हात धरला, खाटेवर बसलेल्या तिच्या मायच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "घे शपथ. म्हण, पुन्हा दारूले हात लावला तर माह्या मायचं बरंवाईट होईन. म्हण!"

बायको म्हणाली, "अवो, हे काय करता? सोडा तिले." मी सोडलं नाही. पोरीनं म्हटलं. शब्दन् शब्द म्हटला.

आमच्याकडे लहानपणी पोरं एकमेकांना शपथ घालतात. मग ज्याला घातली तो मागं लागतो, सुटली म्हण, सुटली म्हण. ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हणायचं असतं, त्याशिवाय ती सुटत नाही. लहान पोरांचाच कायदा आहे तो, पण आपण म्हातारे झालो तरी तो आपल्यात राहतो. निदान माझ्यात राहिला.

पोरीनं पंधरा दिवस काढले. मग प्यायली. बायकोला ते माझ्या आधी समजलं. तिनंच पोरीचं तोंड धुतलं, कपडे बदलले आणि मला सांगितलं नाही. मला समजलं तेव्हा मी पोरीला म्हटलं नाही काही. नुसतं बायकोच्या सुजलेल्या पायाकडे बोट दाखवलं. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

पुढं चार महिन्यांनी बायकोला दवाखान्यात ठेवलं. शेवटचा आठवडा होता तो, पण तेव्हा शेवटचा आहे हे कोणाला माहीत? दुपारी पोरगी खाली औषधं आणायला गेली होती. बायकोनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "पोट्टीले सुटली म्हणून द्या. मी आपल्या रोगानं चालली. तिच्या डोक्यावर माहं मरण कावून ठेवता?"

मी म्हटलं, "बरं, म्हणतो."

"आजच म्हणा."

"हाव, आजच."

खाली गेलो. पोरगी दुकानाच्या पायरीवर औषधाची पिशवी घेऊन बसलेली. जवळ गेलो तर वास आला. मी तिथंच उभा राहिलो. वाटलं, आत्ता हिला सोडलं तर हिला धरायला काहीच राहणार नाही. आधी हिनं दारू सोडावी, मग आपण शपथ सोडू. उद्या म्हणू. तिच्या हातातून पिशवी घेतली आणि वर आलो. बायकोनं डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली, म्हणजे म्हटलं म्हणून. खोटं बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आणि तेरवीच्या दिवशी, जेवणं आटोपल्यावर, पोरगी भांड्यांपाशी उभी होती. मी म्हटलं, "शपथ मोडली ना तू? भोग आता."

हे मी म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही.

त्यानंतर दोन वेळा पोरीला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. काय केलं होतं तिनं ते मी इथं लिहीत नाही. दोन्ही वेळा वाचली. दोन्ही वेळा मी खाटेजवळ बसून होतो आणि दोन्ही वेळा मला वाटलं की आता म्हणून टाकावं, तुह्या मायनं शपथ सोडली होती. आणि दोन्ही वेळा म्हटलं नाही. काहून? म्हटलं असतं तर ती विचारणार होती, कवा सोडली? अन् मग इतके दिवस तुमी काय करून राहिले होते?

आता मॅडमच्या इलाजाचं थोडं सांगतो, मला दिसलं तसं. पोरीला एक कागद दिला आहे, त्यावर रोजचे रकाने. दारूची ओढ किती, शून्य ते पाच. राग किती. लाज किती. जिवाचं काही करून घ्यावं वाटलं का, किती. रोज संध्याकाळी भरायचा. प्यायली तर प्यायली लिहायचं, त्यावर कोणी रागावत नाही. पण मग मॅडम एकेक पायरी मागं नेतात. प्यायच्या आधी काय झालं? त्याच्या आधी? त्याच्या आधी कोण काय बोललं? सकाळी जेवली होती का? पोरगी म्हणते, अर्धा दिवस उसवून काढतात मॅडम, एकेक टाका. खूप ओढ लागली तर बर्फाच्या पाण्यात तोंड घालायचं, नाही तर प्यायच्या आधी मॅडमला फोन करायचा. प्यायल्यावर नाही, आधी. हा नियम मला आवडला. मिलमध्येही मशीन जळायच्या आधी हाक मारायची असते.

एकदा मी तो कागद पाहिला. तिनं लपवला नव्हता, खोलीत ओट्यावर पडला होता. बाकी दिवस ओढ दोन, तीन. गुरुवारी पाच. चारही गुरुवारी पाच.

मी म्हटलं, "गुरुवारी मी येतो."

"हाव."

"म्हणजे मी आलो की तुले प्यावं वाटते?"

"हाव, बाबा."

"मंग येऊ नको काय?"

"तसं नाही म्हणलं मी. आले नाही तर मंग शुक्रवारी पाच होईन."

आता याचा अर्थ काय लावायचा? आलं तरी पाच, नाही आलं तरी पाच. मी परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत विचार केला आणि मग झोपलो.

अलीकडेच एका गुरुवारी पोरगी बाहेर आली आणि जिना उतरता उतरता म्हणाली, "मॅडमनं पुढच्या खेपेले तुमाले आत बोलावलं. मी सांगितलं त्यायले, शपथेचं."

"तेरवीचं भी?"

"ते भी. सगळं उसवत मागं गेलं का तिथंच येऊन थांबते, बाबा. कुठून भी सुरू केलं तरी."

मला आठ दिवस होते. अकोल्याला घरी एकटाच. घरात काय कुठं आहे ते मला आजही सापडत नाही. बायकोनं सगळं आपल्या हिशेबानं ठेवलं होतं आणि तो हिशेब सोबत घेऊन गेली. ती गेल्यावर महालक्ष्म्या बसल्या नाहीत. मुखवटे माळ्यावर आहेत की तिनं कोणाला दिले, तेही माहीत नाही. आठ दिवस मी डबे उघडत आणि झाकत होतो. सांगितलं तर काय होईल? एक, पोरगी मला कधी तोंड दाखवणार नाही. दोन, तिची भीती जाईल आणि ती मोकळी पिईल. सांगितलं नाही तर? ती मायला मारल्याचं ओझं घेऊन एक दिवस तिसऱ्यांदा काही करेल, आणि दरवेळी कोणी वेळेवर पोचतं असं नाही. इतकं साफ होतं. तरी मला ठरवता येईना. मॅडम म्हणतात की दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. असतील. पण माणसाला तोंडातून एकच काढता येते.

शेवटी तेरवी ज्या भटजींनी केली होती त्यांच्याकडे गेलो. ते ओसरीत पेपर वाचत बसले होते. विचारलं, "महाराज, ज्याच्या डोक्याची शपथ घेतली थो माणूसच गेला, तर शपथ सुटते का तशीच राहते?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, या वयात शपथा कोणाला घालता? तो पोरांचा खेळ आहे. शास्त्रात असलं काही नाही. माणूस रोगानं जातो."

"मंग हे तेरवीच्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

खरं होतं. विचारलं नव्हतं. पण शास्त्रात नाही म्हणून माझं काही हलकं झालं नाही. उलट जास्तच गोंधळलो. खेळच होता तर मग मी चौदा महिने काय धरून बसलो होतो?

गुरुवारी आत गेलो. तिसरी खुर्ची ठेवली होती. मॅडम म्हणाल्या, "काका, इथं कोणी न्यायाधीश नाही, आरामात बसा."

"बाई, मले न्यायाधीशाचं भेव नाही. हिचं आहे."

पोरगी खाली पाहून हसली. ती हसली म्हणून मला बरं वाटलं आणि मग लगेच वाटलं, हे शेवटचं हसणं असेल.

मॅडमनी विचारलं, त्या शपथेबद्दल तुम्हाला आज काय वाटतं. त्यांनी चांगलं, हळू विचारलं. मी बरंच इकडचं तिकडचं बोललो. रक्ताचं मशीन, दवाखान्यातले डास, मिल. त्यांनी मधात अडवलं नाही. मग माझंच बोलणं संपलं. पोरीकडे न पाहता म्हटलं, "तुही माय म्हणली होती, तिले सुटली म्हणून द्या."

"कवा?"

"जायच्या आदल्या दिवशी. तू खाली औषधं आणाले गेली होती."

"अन् तुमी?"

"मी नाही म्हणलं."

"कावून?"

"तू पिऊन होती."

"म्हणून?"

"म्हणून वाटलं, आता सोडली तर तुले धराले काहीच उरत नाही."

खाली रस्त्यावर कोणीतरी ऑटोचा हॉर्न दाबून धरला होता. तो थांबला तेव्हा पोरगी म्हणाली, "चौदा महिने, बाबा."

"हाव."

"माय मी मारली म्हणून जगून राहिली मी. अन् तुमाले मालूम होतं."

"हाव."

"दोनदा मी दवाखान्यात होती, तवा भी मालूम होतं?"

"तवा भी."

मला वाटलं गिलास फेकेल. फेकला असता तर बरं झालं असतं. ती उठली, खुर्ची नीट मागं सरकवली आणि निघून गेली. मी उठलो तर मॅडम म्हणाल्या, "काका, बसा."

"अवो, ती पिईन!"

"पिऊ शकते."

"मंग तुमी बसून काय राहिल्या?"

"आता तुम्ही मागं धावलात तर ती फक्त तुमच्यापासून पळेल. अशा वेळी काय करायचं हे तिचं माझं ठरलेलं आहे. पाच मिनिटं द्या."

पाच मिनिटांनी त्यांनी फोन लावला. पोरीनं उचलला. मॅडमनी सरळ विचारलं, जिवाचं काही करायचं मनात आहे का? नाही म्हणाली. आज भेटशील का? नाही म्हणाली. मग मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, चार वाजता मी परत करते. त्याआधी वाटलं तर तू कर." आणि फोन ठेवला. मला म्हणाल्या, "तुम्ही आज खरं बोललात."

मी म्हटलं, "बाई, त्याचं काय करू? कुठं ठेवू?"

त्यांनी मला पाणी दिलं.

मी पोरीच्या खोलीवर गेलो. कुलूप होतं. पायरीवर बसलो. ऊन भिंतीवरून सरकत पायांवर आलं, मग गेलं. परतीची गाडी गेली असेल हे समजत होतं. मी बायकोला मनात काय काय म्हटलं. पहिलं म्हटलं, सांगितलं मी. मग म्हटलं, तू तिलाच सांगायचं होतं ना, मला काहून सांगितलं? पोरगी दिवसातून चारदा तुझ्यापाशी बसत होती. ही गोष्ट मला चौदा महिन्यांत पहिल्यांदा सुचली. तिनंच पोरीला सांगितलं असतं तर? पण घातली मी होती. ज्यानं घातली त्यानंच सोडायची. म्हणजे तीही त्याच कायद्यात होती. की तिला माझ्याच तोंडून निघायला पाहिजे होतं? आता कोणाला विचारू?

पाच वाजायच्या आत पोरगी आली. चालणं सरळ होतं, पण वास होता.

"बसले काय अजून? गाडी गेली ना तुमची."

"जाऊ दे."

तिनं कुलूप उघडलं. "प्याली मी."

"दिसते."

"सगळी नाही. अर्धी झाली अन् मॅडमचा फोन आला. बाकीची नालीत ओतली." तिनं कागद काढला आणि उभ्यानंच रकाने भरले. माझ्यासमोर. याआधी ती प्यायली की मला दोन दिवस तोंड दाखवत नव्हती.

"हे चांगलं झालं का वाईट?" मी विचारलं.

"मले काय मालूम? मॅडमले विचारा." मग पेन ठेवून म्हणाली, "म्हणा आता."

"काय?"

"माय म्हणली होती थे."

"सुटली."

"असं रस्त्यानं जाता जाता नाही. नीट म्हणा."

मी उभा राहिलो. हात कुठं ठेवायचे समजेना. तिच्या डोक्यावर ठेवायची हिंमत झाली नाही. म्हटलं, "महालक्ष्म्याच्या दिवशी मी तुले जे म्हणाले लावलं, थे सुटलं. तुही शपथ सुटली."

तिनं कान देऊन काही ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाली, "काहीच नाही झालं."

"म्हणजे?"

"वाटलं होतं हलकं वाटन. नाही वाटलं."

"मले भी नाही."

"तुमाले कावून वाटन? तुमी काय केलं?" ती ओरडली. मग बसली. भिंतीकडे तोंड करून. मी तिथंच उभा होतो, कारण बस म्हणाली नव्हती. शेवटी तिनं मोरीत जाऊन तोंड धुतलं, तांदूळ काढले. दोघांचे काढले हे मला दिसलं, पण मी त्यातून काही अर्थ काढायला गेलो नाही. हल्ली मी अर्थ काढतो तो चुकतो.

"पुढच्या गुरुवारी तुमी येऊ नका," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्याचं मी सांगीन."

"बरं."

"रागानं नाही म्हणून राहिली. म्हणजे रागानंच. पण जाणार आहे मी मॅडमकडं. एकटी."

"बरं."

तिनं कुकर चढवला. पाठ माझ्याकडे होती. "माय काय म्हणली? तिच्या तोंडचं सांगा."

मी सांगितलं. पोट्टीले सुटली म्हणून द्या, मी आपल्या रोगानं चालली.

"रागात होती?"

"नाही."

"माह्यावर नाही?"

"तुह्यावर नाही. असला तर माह्यावर."

"अजून काय म्हणली?"

"आजच म्हणा, म्हणली."

"परत सांगा."

परत सांगितलं. या वेळी मला आठवलं की बोलताना बायकोनं माझ्या सदऱ्याची बाही धरली होती. मघाशी हे आठवलं नव्हतं. आधी धरली होती की नंतर? खरंच धरली होती की मी आत्ता मनानं जोडलं? तसं पोरीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "जोडू नका. जेवढं आहे तेवढंच सांगा."

"जेवढं आहे तेवढं मलेच समजून नाही राहिलं."

"मंग पहिल्यापासून सांगा. मी खाली गेली तिथून."

मी जमिनीवर बसलो, कारण आता पाय दुखत होते. म्हटलं, दुपार होती. नर्सनं नवी चिठ्ठी दिली होती, तू ती वाचून पाहिली, मायला पाणी पाजलं आणि खाली गेली.

"पाणी पाजलं होतं काय मी?" तिनं विचारलं.

"हाव."

"पक्कं?"

"पाणी पक्कं."

ती वळून माझ्याकडे पाहत उभी राहिली. "मंग?" ती म्हणाली.